मधमाश्यांनी भरलेली ओटी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते विचारू नका. सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही.

डोंगरातल्या आंबेघोळ गावात ठमाई राहायची. जखम कुणाचीही असो, ती कढवलेल्या पाण्यानं धुवायची, जुन्या लुगड्याची मऊ पट्टी मधात भिजवून वर बांधायची आणि रोज बदलायची.

एका वर्षी शिमग्याला गाव उधळलं. पोळ्या संपल्या, पण जिभा कुठं थांबतात? ठमाईचं मधाचं गाडगंसुद्धा मंडळींनी चाटूनपुसून साफ केलं. दारी आलेल्याला नाही म्हणायचं नाही, ही तिची खोड! आणि लगेच तिच्या भावाच्या, लखूच्या पोटरीवर लाकडं तोडताना कोयता बसला. पाय सुजला, जखमेला वास सुटला. लोक म्हणाले, "पाय तोडावा लागणार." ठमाईचा तो पाठचा भाऊ, तिनंच कडेवर वाढवलेला. घरोघरी मध संपलेला, आणि कड्यावरचं मोहोळ उतरवणारा गावातला एकुलता एक गडी लखूच!

मग ती एकटीच कड्याखाली गेली. धुकं अजून उतरलं नव्हतं. हातात ना दोर, ना पलिता. वर मोहोळं लटकत होती आणि गुणगुण अशी, की दगडालाही झोप यावी. तिनं पदर पसरला आणि भांडायलाच लागली, "अगं बायांनो, मला आई ना बाप. माहेर म्हणून तुमच्या दारात आलेय. लेक माहेरातून रिकाम्या ओटीनं जाते होय गं?"

असं म्हणतात, गुणगुण थांबली. रान थांबलं. वरून एक थेंब आला, मग दुसरा, मग सावकाश सोनेरी धार. एकही माशी डसली नाही. ओटी भरून जड झाली, पण लुगड्यातून थेंब गळला नाही.

रोज पट्टी बदलली. घाण गेली, लाल मांस भरत आलं. लखूचा पाय वाचला. पुढच्या हंगामात तो स्वतः कड्यावर चढला आणि पहिलं पोळं बहिणीपुढं ठेवून म्हणाला, "अक्का, हे पाहुण्याला नाही. तू देऊ केलंस तरी मी देऊ द्यायचो नाही!"

म्हातारपणी ठमाई एका पहाटे 'माहेरी जाते' म्हणून निघाली, ती परतलीच नाही. असं म्हणतात, त्या वर्षी कड्याला एक मोहोळ जास्त लागलं.

आजही आंबेघोळात प्रत्येक घरी मधाचं एक गाडगं वेगळं असतं. सण असो, जावई येवो, त्याला हात लागत नाही. जखम झाली की कुठल्याही दारात जाऊन "ठमाईचं द्या" एवढंच म्हणायचं. बांधाच्या भांडणात डोकं फुटलेला भाऊबंदसुद्धा येतो. ज्यानं फोडलं, तोच गाडगं काढतो, आणि पट्टीही तोच बांधतो.