येसूचा पडदा आणि तेल देणारी राणी

एकदा काय झालं, येसू नावाची मुलगी नवी नवरी होऊन सासरी आली. येताना तिनं पेटारा भरून चामड्याच्या बाहुल्या आणल्या. पडदा बांधायचा, मागे दिवा लावायचा, मध्ये बाहुल्या नाचवायच्या, की झाला सावल्यांचा खेळ! नवरा भागोजी ढोलकी वाजवायचा आणि येसू म्हणेल त्याला हो म्हणायचा. असे नवरे गोष्टीतच असतात, बरं का.

बाहुल्या होत्या जिवंत. पण वर्षातून एकदा तरी त्यांचा पुरा खेळ व्हायला हवा. नाही झाला, तर त्या कायमच्या मुक्या. आणि त्या वर्षी तिथल्या राजानं दिव्याचं तेलच बंद केलं. म्हणाला, "सावली खाता येते की नेसता येते?"

पेटाऱ्यातलं हरीण कुजबुजलं, "येसू, वर्ष सरत आलं गं."

"मग निघू या," येसू म्हणाली.

पहिल्या राज्यातला राजा भारी दिलदार. सोन्याचा दिवा दिला, हौदभर तेल दिलं. पण खेळ सुरू झाला आणि राजा पडद्यामागे आला. "सगळ्या बाहुल्यांना माझ्यासारख्या मिशा लावा."

"हरणालासुद्धा?"

"हरणाला आधी!"

हसता काय? हरणाला काय वाटलं असेल! येसूनं दिवा फुंकला, पेटारा उचलला.

मग दुसरं राज्य. तिथला राजा म्हणाला, "आम्ही यात पडत नाही. शेटजींना विचारा." लाडूवाल्या शेटजींनी तेल दिलं. खेळातला राजपुत्र राक्षसावर धावला, तोच शेटजी मागे आले आणि त्यांनी दिव्यापुढे लाडू धरला. पडद्यावर डोंगराएवढा लाडू! राक्षस गेला, राजपुत्रही गेला. पुन्हा फुंकर, पुन्हा पेटारा.

"लाडवाचं चाललं असतं की," भागोजी म्हणाला. येसूनं नुसतं बघितलं. "नसतं चाललं," भागोजी म्हणाला.

मग तिसरं राज्य. वर्षाचा शेवटचा दिवस. हरणाचा आवाज पार बसलेला. तिथली राणी म्हणाली, "तेल देते. पण मागे काय चालतं ते बघेन."

"नाही, राणीसरकार. आमच्यात रीत आहे. तेल देईल त्यानं समोर बसायचं."

दरबारी दचकले. "आणि तेल नाही दिलं तर?" राणीनं विचारलं.

येसूनं पेटाऱ्यावर हात ठेवला. आत काहीच हलेना. तरी ती म्हणाली, "तर खेळ नाही. पण तुम्ही मागे नाही."

राणी उठली आणि समोर जाऊन बसली.

खेळातही एक राणी होती. लोक गाऱ्हाणी सांगायचे आणि ती सिंहासनावर पेंगायची, मुकुट थेट नाकावर! सगळ्यांनी श्वास रोखला. कारण खरी राणीही तशीच पेंगायची. येसूनं सकाळीच पाहिलं होतं. राणीचा हात वर गेला. आता 'थांबवा' म्हणणार... पण तिनं तो हात मांडीखाली दाबून धरला. खेळ पुरा झाला. हरणानं अशी उडी मारली म्हणता!

राणीनं टाळी वाजवली नाही. तडक निघून गेली. भागोजीनं मुकाट्यानं गाठोडं बांधलं.

सकाळी दारात तेलाचा मोठा बुधला आला. सोबत निरोप: "पुढच्या वर्षासाठी. रागावले आहे. समोरच बसेन."

मग येसू, भागोजी आणि हरीण तिथंच सुखानं राहिले. राणी दरबारात डोळे ताणून बसू लागली, तेव्हा पेंगायचं काम आता तुमचं. करा भिंतीवर हातांचं हरीण. एकच हं. मग मी दिवा मालवते.