करंड्यातलं नाव

एका राज्यात पक्षी माणसांसारखे बोलत, आणि माणसं पुष्कळदा नुसतीच किलबिलत. त्या राज्यात एक थोरली राणी होती. सून होऊन आली तेव्हा नऊ वर्षांची, गेली तेव्हा शहाऐंशीची. मधल्या सत्त्याहत्तर वर्षांत तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. ती चाले तेव्हा निऱ्या हलत, पावलं वाजत नसत. तिशीतच कपाळ पांढरं झालं. मांडीवर पोर आणि वेशीवर शत्रू. तिने पोराला राजा केलं आणि शत्रूला पाहुणा केलं. तीन वर्षांचा दुष्काळ पडला तेव्हा कोठारं उघडून ती स्वतः चुलीपुढे बसली. शेवटचा पहारेकरी जेवल्याशिवाय तिने कधी आपलं पान वाढून घेतलं नाही. रोज सकाळी देवापुढे बसून एकशे आठ वाती वळाव्या, हा तिचा नेम. एके सकाळी एकशेसातवी वात हातात असताना ती गेली. कुणाला त्रास दिला नाही, कुणाकडून पाणीही मागून घेतलं नाही.

तिची नात शेवंती सोळा वर्षांची. आजीच्या पदराखाली वाढलेली, पण जिभेला आजीचं वळण नाही. "बायकांनी घाटावर येऊ नये," असं राजपुरोहित म्हणाले, म्हणून ती दहाव्या दिवशी सगळ्यांच्या आधी घाटावर जाऊन उभी राहिली.

तिचा बाप राजा धैर्यसेन याने पिंड मांडला, हात जोडले. पिंपळावरून एक म्हातारा कावळा उतरला. चार हातांवर बसला, मान वाकडी केली.

"हे पान कुणाचं?"

"थोरल्या राणीसाहेबांचं," राजा म्हणाला.

"ते पद झालं. बाई कोण?"

"माझी आई."

"ते नातं झालं. बाई कोण?"

"महाराणी राजलक्ष्मीदेवी!" पुरोहित ओरडले.

"ते सासरने घातलेलं लेणं झालं. अहो, मी विचारतोय, बाई कोण?"

राजाला वाटलं, आईची काही इच्छा राहिली असेल. तो म्हणाला, "सोन्याच्या कळसाचं देऊळ बांधीन."

"बांधा. मला त्याचा काय उपयोग? मी खरकट्यावर जगणारा." कावळ्याने पंख झाडले. "राजा, नीट ऐक. तेराव्या दिवशी सूर्य मावळायच्या आत तिला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारा. नाही मारलीत तर ती या घाटावर कायमची ताटकळेल, आणि तुम्ही तिला विसरून जाल. विसरायला लागलाच आहात."

ते खरं होतं. थोरल्या राणीच्या हातची चिंचगुळाची आमटी सबंध राज्याने चाखलेली, पण दहा दिवसांत मुदपाकखान्यातल्या एकालाही तिचं प्रमाण आठवेना. भिंतीवरच्या तसबिरीतून चेहरा पुसला गेला होता, नुसतं पांढरं लुगडं उरलं होतं. राजाला आईचा आवाज आठवेना. शेवंतीला अजून सगळं आठवत होतं, म्हणून ती सगळ्यांत जास्त घाबरली.

पुरोहितांनी घाम पुसला. "शास्त्रात तोड आहे. दर्भाचा कावळा करू, पिंडाला शिववू, मोकळे होऊ."

"गवताचा कावळा गवताच्या आजीला चालेल, गुरुजी," शेवंती म्हणाली. "माझी हाडामांसाची होती." मग तिने कावळ्याला विचारलं, "नाव कुठे आहे?"

"मांत्रिक मौनकेतूच्या गुहेत. तुमच्या घराण्याच्या पहिल्या राजाने त्याच्याकडून विजय मागून घेतला. मोबदल्यात मांत्रिकाने मागितलं, तुझ्या घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेचं माहेरचं नाव. राजाला वाटलं, स्वस्तात सुटलो! तेव्हापासून लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनं नाव उडून गुहेत जातं. त्या पोरीलाही मग ते आठवत नाही. उत्तरेला सात टेकड्या ओलांड. एका दिवसाची वाट."

शेवंती निघाली. वाट एका दिवसाची नव्हती. कावळ्याने उडण्याची वाट सांगितली होती, चालण्याची नव्हे. तिसऱ्या टेकडीवर तिला आजीच्या हातावरचं गोंदण आठवेना. पाचव्या टेकडीवर आजीचं हसू गेलं. ती थांबली, डोळे मिटले, पुष्कळ शोधलं, नाही सापडलं. मग ती पळत सुटली. तेराव्या दिवशी सकाळी ती गुहेशी पोचली तेव्हा तिच्या तळपायांची साल निघाली होती.

मौनकेतू दारातच बसला होता. पांढरी दाढी, स्वच्छ धोतर, हातात फडकं. तो एक चांदीचा करंडा पुसत होता.

"ये मुली. जेवलीस का?"

"नाव न्यायला आले."

"नेता येईल. तीन गोष्टी ओळखाव्या लागतील. राजकन्यांना सहसा तीन जमत नाहीत."

"सांगा."

मांत्रिकाने टाळी वाजवली. दगडावर एक्केचाळीस वाती प्रकटल्या, सगळ्या सारख्या, सगळ्या शुभ्र. "तुझ्या आजीच्या हातची कोणती?"

शेवंती एकेका वातीवरून बोट फिरवत गेली. दुष्काळात आजीचा उजवा अंगठा तव्यावर भाजला होता, तो पुढे कधी पुरता दाबला जात नसे. तिच्या वातीचं शेवटचं टोक जरासं सैल सुटे. "ही."

"बरोबर." मांत्रिकाने पुन्हा टाळी वाजवली. गुहेच्या उंबऱ्यावरून एक्केचाळीस सावल्या एकापाठोपाठ चालत गेल्या. सगळ्या डौलदार. राजाच्या सुना त्या, सगळ्यांना चालायला शिकवलेलं. शेवंतीची नजर भिरभिरली. आणि मग एक सावली उंबरा ओलांडून थांबली, मागे वळली आणि कुणी राहिलं का, ते बघून पुढे गेली.

"ती!"

"बरोबर," मांत्रिक म्हणाला. त्याचं फडकं आता जरा हळू फिरत होतं. "तिसरं. हे एक्केचाळीस करंडे. एकच उघड. चुकलीस तर दुसरीच कुणी तुझ्या आजीच्या जागी जाऊन बसेल, आणि तू खुशाल तिलाच आजी म्हणशील. तुला कळणारही नाही."

करंडे ओळीने मांडलेले. सोन्याचे, चांदीचे, चंदनाचे, तांब्याचे, कोपऱ्यात एक बाभळीच्या लाकडाचा, ओबडधोबड. शेवंतीचा हात चंदनाच्या करंड्याकडे गेला. आजी देवभोळी, आजी शांत, आजीच्या लुगड्याला चंदनाचा वास. झाकणाला बोट लागणार, तेवढ्यात तिचा हात थबकला. हा वास राजवाड्यातला. नऊ वर्षांच्या पोरीला कसला वास येत होता? ती कुणाशी भांडायची? कशाला भ्यायची? झाडावर चढायची का? सत्त्याहत्तर वर्षांची गोष्ट शेवंतीला तोंडपाठ होती, पहिल्या नऊ वर्षांतला एक शब्द ठाऊक नव्हता. आजीने रोज तिला विचारलं, जेवलीस का, झोपलीस का, कुणी रागावलं का. तिने आजीला कधी काही विचारलंच नव्हतं.

ती मटकन खाली बसली. "मला ठाऊक नाही."

"मग परत जा."

"ठाऊक नाही म्हणून तर विचारायचं!" शेवंतीने डोळे पुसले, करंड्यांकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणाली, "आजी, तुझं नाव काय गं?"

मांत्रिकाच्या हातातलं फडकं गळून पडलं.

कोपऱ्यातला बाभळीचा करंडा खडखडला. झाकण उडालं. आतून एका लहान मुलीचा धापा टाकणारा आवाज आला. "भिंगरी! मी भिंगरी! किती वेळ लावलास गं! कोण तू?"

"मी तुझी नात."

"हट्! मी नऊ वर्षांची. मला कुठली आली नात?" आणि ती खळखळून हसली. तेच हसू. शेवंतीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"सात पिढ्या झाल्या," मांत्रिक हळूच म्हणाला. "शूर आले, पंडित आले. सगळे ओळखायला बसले, विचारलं कुणीच नाही. आणि विचारल्यावर झाकण धरून ठेवणं माझ्या हातात नाही." मग त्याने बाहेर ऊन पाहिलं, आणि त्याच्या ओठांवर पुन्हा हसू आलं. "घेऊन जा तिला. बाहेर माझा वाऱ्याचा घोडा आहे. आत्ता निघालीस तर मावळतीला घाटावर पोचशील. क्षणभरही थांबलीस तर घोडा वाऱ्यात विरून जाईल."

शेवंती उठली. तिने भिंगरीचा करंडा छातीशी धरला. तेवढ्यात बाकीचे करंडे हलू लागले. आधी एक, मग दहा, मग सगळेच. आतून बोटांनी टकटक केल्यासारखा आवाज.

"त्या चांदीच्यातली रोज रडते गं," भिंगरी म्हणाली. "तिला विचार की आधी."

"उशीर होईल, भिंगरे. तुलाच पोचता नाही आलं तर?"

"मग मागून जाऊ. तिला एकटीला टाकून मी नाही येणार."

शेवंतीने घोड्याकडे पाहिलं. मग करंड्यांच्या ओळीपुढे जाऊन बसली. "तुमचं नाव काय?" तिने पहिलीला विचारलं. बाहेर घोडा विरून गेला.

तिने चाळीस जणींना विचारलं, एकेकीला, घाई न करता. एक म्हणाली मैना, एक म्हणाली धोंडी, एक म्हणाली जुई. चांदीच्या करंड्यातली म्हणाली, "नकोशी."

शेवंतीने विचारलं, "दुसरं ठेवू का?"

"नको. आहे ते माझं आहे. फक्त नीट हाक मार."

"नकोशी," शेवंतीने हाक मारली. तिने आयुष्यात कुणाला इतक्या मायेने हाक मारली नव्हती.

शेवटच्या करंड्यातला आवाज ऐकून ती चपापली. हा आवाज ती रोज ऐकत होती. ते नाव तिने मनातच ठेवलं.

मग एक्केचाळीस नावांचे एक्केचाळीस पक्षी झाले. त्यांनी शेवंतीच्या शालीची किनार चोचींत धरली, तिला शालीत बसवलं आणि उचललं. सात टेकड्या खाली सरकल्या. भिंगरी गिरक्या घेत सगळ्यांच्या पुढे उडत होती आणि मधूनच मागे येऊन बघत होती, कुणी राहिलं का. मौनकेतू रिकाम्या गुहेत बसला, आणि पुसायला काही उरलं नाही म्हणून तो पहिल्यांदाच झोपी गेला.

घाटावर सूर्य पाण्यापासून वीतभर उरला होता. राजा धैर्यसेन पायरीवर उभा होता आणि पुरोहितांना विचारत होता, "आपण इथे कुणासाठी जमलो आहोत?" पुरोहितांनाही आठवत नव्हतं. राणीसाहेब, शेवंतीची आई, काठावर दूर उभी होती. शाल खाली टेकली.

कावळा उतरला. "हे पान कुणाचं?"

"भिंगरीचं," शेवंती म्हणाली. मग नदीकडे तोंड करून तिने हाक दिली, "भिंगरे! ए भिंगरे! चल, जेवायला ये!"

"अस्सं! भिंगरी!" कावळा म्हणाला. "माझ्या पणज्याच्या मागे दगड घेऊन धावायची ती? मग आधीच सांगायचं की!" आणि त्याने भाताचा मोठा घास घेतला.

त्या घासासरशी शाप तुटला. आमटीचं प्रमाण आचाऱ्याला आठवलं, तसबिरीत चेहरा परत आला, आणि राजा पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला, कारण आईचा आवाज त्याच्या कानात आला होता. तो आवाज म्हणत होता, "पुरे आता, दोन घास खाऊन घे." बाभळीच्या रंगाचा एक पक्षी पाण्यावर तीन गिरक्या घेऊन मावळतीकडे निघून गेला. त्याच्यामागे एकोणचाळीस गेले. एक मात्र गेला नाही. तो उडत उडत काठावर गेला आणि राणीसाहेबांच्या खांद्यावर बसला.

राजाने विचारलं, "तो कुणाचा?"

"विचारा की," कावळा भरल्या तोंडाने म्हणाला. "जीभ झडते का?"

राजा उठला. तो राणीसमोर गेला. "तुमचं... तुझं नाव काय गं?"

राणीने खांद्यावरच्या पक्ष्याला बोटाने कुरवाळलं. "बावीस वर्षं लागली तुम्हाला," ती म्हणाली. "सांगते. आधी ते चवऱ्या-अबदागिऱ्यावाले लांब पाठवा, आणि इथे पायरीवर बसा. माझ्या नावामागे अख्खं एक गाव आहे, घाईत सांगायचं नाही मी."

राजा बसला.

ही झाली भिंगरीची कहाणी. ज्यांनी कान देऊन ऐकली त्यांनी आता उठावं, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसावं, आणि ती सांगेल ते सगळं ऐकून मगच जेवावं.