गोड्या बावीचा नकार

आडवेखारच्या खाडीकाठी, भरतीच्या पाण्यापासून जेमतेम वीस पावलांवर, एक बाव म्हणजे विहीर आहे. एवढ्या खाऱ्याच्या कुशीत असूनही तिचं पाणी गोड आहे. पाहुणे पहिला घोट भीत भीत घेतात, दुसरा आश्चर्याने आणि तिसरा घेताना फोटो काढतात. बावीसमोरचा बांधही बघण्यासारखा. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला हा मातीचा बांध सगळीकडे सुतात सरळ आहे. फक्त बावीपुढची चाळीस पावलं तो जाड, खडबडीत आणि थोडा वाकडा आहे. गावाने मिळून केलेलं काम असं दिसत नाही. ते एकट्या माणसाचं काम आहे, हे सांगावं लागत नाही.

गोष्ट सांगायचा मान सुलोचनाकाकीचा. काकी म्हणजे देवळाच्या गुरवाची चुलती. गेली बरीच वर्षं ती आपलं वय ऐंशीच सांगते आहे. बावीच्या काठावर बसलेली असते आणि पाणी प्याल्याशिवाय कुणाला काही सांगत नाही.

"पाणी घेवा आधी. मगे सांगतंय."

ती सांगते ते असं.

फार पूर्वी, देवळावर कौलंही नव्हती तेव्हा, आडवेखारात द्वारकी नावाची सून आली. खाडीच्या पैलतीरावरची. तिचा बाप तिकडच्या बांधाची उघाडी सांभाळायचा. उघाडी म्हणजे बांधातली लाकडी झडप. भरतीला मिटते, ओहोटीला उघडते आणि शेतातलं पाणी बाहेर सोडते. बापामागे बांधावरून फिरत द्वारकी मोठी झाली. इतर मुली फुलं बघतात तशी ती खेकड्यांची बिळं बघायची. कुठलं बीळ नुसतं घर आहे आणि कुठलं आरपार गेलंय, हे तिला कडेच्या मातीच्या रंगावरून कळायचं, असं सांगतात.

सासरी आल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत तिला दोन गोष्टी कळल्या. सासूला आमटी पातळ लागते. आणि गावाचा बांध आतून पोखरला आहे.

पहिली गोष्ट तिने लगेच सुधारली. दुसरी नवऱ्याला सांगितली. नवऱ्याचं नाव बाबलो. माणूस वाईट नव्हता, पण चारचौघांत कुठे उभं राहायचं हे तो आधी चारचौघांकडे बघून ठरवायचा.

"बांधाचा देव बघून घेतलो," तो म्हणाला. "चैत्रात कौल आसा. तेव्हा बगूया."

चैत्रात रवळनाथाच्या देवळात सगळा गाव जमला. तिथली रीत आजही तीच आहे. गुरव देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतो, उजवीकडे आणि डावीकडे. मग प्रश्न घालतो. उजवी पाकळी आधी गळली तर देवाचा होकार, डावी गळली तर नकार. त्यानंतर गाऱ्हाणं होतं. गुरव गावाचं मागणं एकेक ओळ म्हणत जातो आणि प्रत्येक ओळीला गाव एका आवाजात म्हणतो, ‘व्हय म्हाराजा!’ तो आवाज खाडीपलीकडे ऐकू जातो. द्वारकीने तो लहानपणी माहेरी ऐकला होता. तेव्हा तिला वाटायचं, पलीकडे केवढी एकी आहे.

त्या वर्षी गावाने देवळाला सभामंडप बांधायचं मनात घेतलं होतं. शेजारच्या गावाने बांधला होता, म्हणून. गुरवाने विचारलं, "बा रवळनाथा, मंडप यंदा बांधूचो काय?" उजवी पाकळी गळली. गाव खूश झाला. ठरलं, की पावसाळ्यापर्यंत घरटी एक माणूस रोज मंडपाच्या कामावर. दर वर्षीची बांधाची डागडुजी यंदा राहिली तरी चालेल, देवाचंच काम आहे, देव सांभाळून घेईल.

गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां एका मनान, एका इचारान उभी आसत..."

"व्हय म्हाराजा!"

आणि त्या गजराच्या शेपटीला, बायकांच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "नाय म्हाराजा."

पुढच्या रांगांतल्या माना मागे वळल्या.

सासूने कोपर मारलं. "तोंड मिट गो मेले!"

पण गावच्या मानकऱ्याने, रवळू गावकराने, तिला पुढे बोलावलं. तो गोड हसला. अशी माणसं आधी हसतात.

"काय गो, देव खोटो?"

"देव खोटो नाय," द्वारकी म्हणाली. "तुमी देवाक मंडपाचा इचारल्यात. त्येना मंडपाचा सांगल्यान. बांधाचा कोणी इचारल्यानच नाय. नाय इचारलेल्याक देव जबाब कसो देतलो?"

देव खोटा म्हटलं असतं तर एखादवेळ माफी झाली असती, काकी सांगते. देवाला राग आला तर नारळ देता येतो. इथे तिने विचारणाऱ्यांना खोटं पाडलं होतं.

"काल इली नि आज गावाक शिकवता!" कुणीतरी ओरडलं. एकजण म्हणाला, पैलतीरावरून मुद्दाम पाठवली असेल. दुसरा म्हणाला, तिचा पायगुणच वाईट, परवा त्याची म्हैस आटली. बांधावर जाऊन बीळ बघून येऊ, असं मात्र त्या दोनशे माणसांत एकालाही सुचलं नाही. बांध तिथून हाकेच्या अंतरावर होता.

गावाने तिला वाळीत टाकलं. तिच्या हातचं कुणी खायचं नाही, तिला विस्तव द्यायचा नाही, तिच्याशी बोलायचं नाही आणि गावच्या बावीवर तिने घागर लावायची नाही. तिला घरात ठेवील ते घरही वाळीत.

बाबलोने तीन दिवस तिची मनधरणी केली. "एकदा देवासमोर ‘व्हय’ म्हण. जीभ झिजता काय तुझी?"

"जीभ नाय झिजत," ती म्हणाली. "बांध झिजता."

चौथ्या दिवशी बाबलो आईला घेऊन वरच्या वाडीत भावाकडे राहायला गेला. जाताना त्याने कुदळ आणि टोपली दाराशी मुद्दाम विसरून ठेवली. त्याच्या अंगातला चांगुलपणा तेवढाच होता, आणि काकी तोही आवर्जून सांगते.

द्वारकी खालच्या घरात एकटी राहिली. प्यायचं पाणी डोंगरातल्या झऱ्यावरून आणायची, एक हंडा डोक्यावर, एक कडेवर. परत येताना वाटेत बाव लागायची. तिथल्या बायका तिला बघून बोलणं थांबवायच्या, आणि ती पुढे गेली की पुन्हा सुरू करायच्या.

सगळा बांध एकटीने होणार नाही हे तिला ठाऊक होतं. दोन हात, एक कुदळ आणि आषाढाच्या उधाणापर्यंतचे दिवस. त्यात चाळीस पावलं बसत होती. कुठली चाळीस, एवढंच तिला ठरवायचं होतं. तिच्या घराचं शेत बांधाच्या दक्षिण टोकाला होतं. तिथे बांधला असता तर तिच्या सासरचं भात वाचलं असतं, आणि भातासाठी का होईना, बाबलो परत आला असता. ती एक सबंध दिवस बांधावर नुसती बसून राहिली, म्हणतात. दुसऱ्या दिवशी तिने पहिली टोपली टाकली ती बावीसमोर.

शेत खारवलं तर तीन पावसांत धुऊन निघतं. बाव खारवली तर गाव उठतो. तिच्या बापाने तिला एवढं शिकवलं होतं.

वर देवळात गाव चिरे वाहत होता, ढोल वाजत होते. खाली ती खाडीतला गाळ काढायची, पेंढ्यात कालवायची, एकेक बीळ खणून भरायची आणि वर पायाने तुडवायची. मंडपावरून कुणी ओरडायचं, "काय गो द्वारके, खेकड्यांचा लगीन लायतंस काय?" सगळे हसायचे. हसणं वाळीत टाकण्याच्या नियमात बसत होतं.

आषाढी अमावास्येला उधाण आलं, ते भर दुपारी. मंडपाच्या पूजेचं जेवण चाललं होतं. बांध दक्षिणेला फुटला, मग उत्तरेला, मग मधे दोन ठिकाणी. पंगतीतून उठेपर्यंत शेतांत कमरेएवढं खारं पाणी होतं. लोक मंडपात चढून उभे राहिले. त्या कामासाठी मंडप चांगला होता.

पाणी ओसरल्यावर दिसलं, की चाळीस पावलं उभी आहेत. पाणी दोन्ही बाजूंनी वळसा घालून आलं होतं, पण बावीच्या कठड्याला लागून मागे गेलं होतं. मानकऱ्याने स्वतः पोहरा टाकून पाणी चाखलं. गोड.

मग गाव खण-नारळ घेऊन द्वारकीकडे गेला. ती बांधावर बसली होती, कोपरापर्यंत चिखलात. रवळू गावकर म्हणाला, "गावान तुका माफ केल्यान. चल, एकदा देवासमोर ‘व्हय म्हाराजा’ म्हण आणि घराक ये."

द्वारकीने त्याच्याकडे बघितलं, बाबलोकडे बघितलं. बाबलो इतरांकडे बघत होता. तिने कुदळ त्याच्या पायाशी ठेवली आणि ओहोटीने उघड्या पडलेल्या खाडीत उतरून ती पैलतीराकडे चालू लागली. कुणी म्हणतं पोचली. कुणी म्हणतं मधेच भरती आली. बांधावर तिची शिळा झाली म्हणणारे जास्त आहेत, शिळा तिथे आहेही. तशी ती गावाला सोयीची. शिळेला साडी नेसवता येते, आणि तिला काही विचारावं लागत नाही.

पुढे सात वर्षं देवाने कौल दिला नाही, असं सांगतात. पाकळ्या मूर्तीवर वाळून जायच्या, पण गळायच्या नाहीत, ना उजवी ना डावी. शेवटी गावाने नवस बोलला, की यापुढे गाऱ्हाण्यात एक नकार असेल. वर्षातली सगळ्यांत नवी सून उभी राहील आणि ‘नाय म्हाराजा’ म्हणेल. त्या क्षणी उजवी पाकळी गळली. पहिल्या वर्षीच्या सुनेने नकार दिला तेव्हा म्हणे गावाने खरंच विचारलं होतं, "कित्याक गो?" आणि ती काय म्हणते ते ऐकून, द्वारकीची चाळीस पावलं सोडून, बांध सगळा नव्याने घातला होता. दुसऱ्या वर्षीचं काकी काही सांगत नाही.

आजही चैत्रात आडवेखारला ही रीत पाळतात. सासू सकाळी सुनेकडून दोन शब्द पाठ करून घेते. हळू म्हणायचं, खाली बघून म्हणायचं. सून म्हणते, बायका कौतुकाने हसतात, तिची ओटी भरतात आणि गाऱ्हाणं पुढे जातं.

यंदाचा मान केतकीचा होता. फाल्गुनात लग्न झालेली, कमी बोलणारी मुलगी. देवळाला सिमेंटची कमान बांधायचं यंदा ठरलं आहे. केतकीने शिकवल्याप्रमाणे ‘नाय म्हाराजा’ म्हटलं. हसणं झालं, ओटी झाली. मग ती गुरवाला हळूच म्हणाली, "काका, बावीसमोरच्या बांधात बिळं दिसतात. दोन तर आरपार आहेत. कमानीच्या आधी ते..."

गुरव चांगला माणूस आहे. तो मायेने म्हणाला, "वहिनी, तुमचो ‘नाय’ झालो. बसा आता."

आणि त्याने पुढची ओळ घेतली. गाव म्हणाला, ‘व्हय म्हाराजा!’ केतकीची सासू म्हणाली, तिचा नवराही म्हणाला. पाहुण्यांना रीत माहीत नव्हती, तरी तेही म्हणाले.

बावीचं पाणी आजही गोड आहे. आषाढाच्या आत आलात तर पिऊन जा.