बुरुडाच्या दाराची कडी

एकदा काय झालं, वेळूच्या बनाशेजारी एका बुरुडाचं घर होतं. घरात दौलबा, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई कोंडाई. सुपं विणायची, टोपल्या विणायची. पोटाला कमी नव्हतं, पण त्या घरात कुणी हसायचं नाही, बरं का.

मूल पाच दिवसांचं झालं की सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहिते, ठाऊक आहे ना? तिच्यासाठी लोक पाट्यावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. या घरी मात्र लेखणी ठेवायची नाही. वेळू तोडायची कोयती ठेवायची. कोंडाईचा तसा दंडकच होता.

कारण काय? दौलबाला एक थोरला भाऊ होता, येसू. त्याच्या पाचवीला लेखणी ठेवली होती. मग तो शिकायला नदीपलीकडे गेला, तो गेलाच. त्याच्या हातातली टोपली अर्धीच राहिली. कोंडाईने ती टाकली नाही, कुणाला पुरी करू दिली नाही.

मग दौलबा झाला. कोंडाईने कोयती ठेवली. सटवाईने कोयतीनेच लिहिलं. दौलबाचे हात वेळूत झरझर चालायचे. पण शाळेत टोपल्या द्यायला गेला, की दाराशी उभा राहून पोरांचे पाढे ऐकायचा. मग आई हाक मारायची. मग तो मुकाट यायचा.

मग दौलबाला मुलगी झाली, रंगू. पाचवीला त्याने कोयती लपवली आणि लेखणी ठेवली.

कोंडाई म्हणाली, "मेल्या, एक गेला तेवढा पुरे नाही का? ही पण जाईल."

"जाऊ दे, आई. मी राहिलो ना? राहून काय झालं, ते माझं मला ठाऊक."

मग कोंबडा आरवायच्या आत सटवाई आली. कमरेत वाकलेली. कपाळं लिहून लिहून बोटं झिजलेली.

ती म्हणाली, "लेखणीने लिहिलं तर पोर लांब जाईल. बघ बाबा."

"लिही, माय. पण परत येणंही लिही."

सटवाईने मान हलवली. "जाणं मी लिहिते. परत येणं घरच्यांच्या हातात. तुझ्या आईला विचार."

तिने लिहिलं आणि ती दिसेनाशी झाली.

दौलबाने वळून पाहिलं. कोंडाई अंथरुणात उठून बसली होती.

"गेलास तर तोंड दाखवू नकोस, असं मीच येसूला म्हणाले होते. तो आला होता रे. पहिल्यांदा आला, दारावर थाप मारली. मी कडी काढली नाही. मग पुन्हा आला, 'आई' म्हणाला. काढली नाही. तिसऱ्यांदा मी उठले, कडी काढली. तोवर अंगणात कुणी नव्हतं."

दौलबा उठला आणि त्याने दाराची कडी उपटून काढली.

मग रंगू मोठी झाली, शिकायला निघाली. कोंडाईने तिच्यापुढे कामट्या ठेवल्या. "अर्धी टोपली विण. उरलेली परत आलीस की."

"आजी, मला वाटलं तू रडशील."

"रडेन की. तू जा तर आधी."

रंगू दिवाळीत आली, थोडी टोपली विणून गेली. उन्हाळ्यात आली. मग तिला नोकरी लागली, मग लग्न झालं, येणं लांबलं. कोंडाई दारात बसून राहायची, दोन अर्ध्या टोपल्या जवळ घेऊन. तशी बसल्या बसल्याच एक दिवस ती गेली. येसू काही आला नाही.

मग रंगू बाळंतपणाला माहेरी आली. दार ढकललं, उघडलं. तिला मुलगी झाली.

पाचवीला दौलबाने विचारलं, "लेखणी ठेवू, की कोयती?"

"दोन्ही ठेवा, बाबा. घेईल पोर तिला हवं ते. आणि दाराला कडी बसवू नका."

मग रंगूने आपली टोपली पुरी केली. तिच्यात बाळाची दुपटी ठेवली. येसूची टोपली तशीच आहे. दौलबा रोज तिच्यावरची धूळ पुसतो. बाकी सगळी सुखात आहेत.

मिटा आता डोळे, बाळांनो. दार मी नुसतं लोटून घेतो.