हलकी गोळी

“...आणि ही बावीसची रायफलच ठेवली, तर चितळाला गोळी कुठली घालू? एवढंच सांगा, लिंगूबाबा.”

विश्वंभरने खिशातून दोन काडतुसं काढली आणि खाटेच्या कडेवर उभी केली.

लिंगू कुमरे बांबूच्या कामट्या काढत होता. त्याने मान वर केली नाही.

परवाना काढून शिकार करता यायची, त्या दिवसांतली ही गोष्ट. चांद्याकडच्या त्या रानात मोठमोठे साहेबसुद्धा लिंगूला विचारल्याशिवाय बंदूक उचलत नसत. विश्वंभर मालगुजारांचा पुतण्या. सात वर्षं लिंगूच्या मागे फिरून तो माग काढायला शिकला होता, आणि नेमबाजीत आता गुरूच्याही पुढे गेला होता. निदान तो स्वतः तसं म्हणत असे, आणि कुणी न विचारता म्हणत असे.

गावात लिंगू त्याला ‘मालक’ म्हणे, अहोजाहो करी. रानाची हद्द लागली की सरळ ‘तू’. लिंगूची झोपडी हद्दीच्या आत होती.

“दुकानदार म्हणाला, चितळाला ही पुरते. काका म्हणतात, बावीसच्या रायफलीने ससे मारावेत, चितळासाठी मोठी घे. मी दीडशे पावलांवरून तिने वाटी फोडतो, बाबा! एकही गोळी वाया जात नाही. आता तुम्हीच काय ते सांगा.”

लिंगूने कोयता खाली ठेवला. दोन्ही काडतुसं तळहातावर घेतली. एकाच्या टोकाला शिसं उघडं होतं. दुसऱ्याला टोकापर्यंत तांब्याचं कवच होतं.

“ही.” त्याने उघड्या शिशाचं पुढे केलं. “मऊ नाकाची. आत गेली का फुलते. ते दुसरी आरपार जाते, अन् जनावर चालतच रायते.”

“आणि रायफल?”

“जवळून हे पन पुरते.”

विश्वंभरचा चेहरा खुलला. “झालं तर! एवढंच हवं होतं.”

तो उठला. जरा घाईनेच उठला.

“थांब.”

लिंगूने छपरात हात घातला आणि तिथे खोचलेलं पळसाचं एक पान काढलं. दुमडलेलं पान त्याने खाटेवर उलगडलं. आत वाळून काळं पडलेलं रक्त होतं, आणि नखाएवढा हाडाचा कपचा.

“हे तुजं हाय का?”

विश्वंभर पुन्हा खाली बसला.

लिंगूचा एक नियम सगळ्या मुलखाला ठाऊक होता. जखमी जनावर रानात टाकून जो घरी जेवायला गेला, त्याच्याबरोबर लिंगू पुन्हा कधी रानात पाऊल टाकत नसे. एका बड्या साहेबाने गाडी पाठवली, घड्याळ देऊ केलं, शेवटी तो स्वतः येऊन दारात उभा राहिला. लिंगूने त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. हा नियम विश्वंभरला पाठ होता. म्हणून तर तो दोन दिवस इकडे फिरकला नव्हता, आणि आला तो गोळीचा विषय घेऊन आला होता.

“कवा?”

“परवा... संध्याकाळी. पडलं होतं ते, मी पाहिलं. मग उठून गेलं. अंधार पडत होता.”

“अन् काल?”



“काल घरी पाहुणे होते.”

लिंगूने मान हलवली, जणू पाहुणे असले म्हणजे काय, माणसाचा नाइलाजच होतो.

“तूनं कोनती मारली?”

तांब्याचं काडतूस समोरच होतं. त्याच्याकडे बोट दाखवलं की सुटका होती. दुकानदाराने चुकीचा माल दिला म्हणता आलं असतं, आणि दुकानदार बसला होता तिकडे नागपूरला.

“मऊ नाकाची,” विश्वंभर म्हणाला.

“किती पावलांवरून?”

“दीडशे. पण गोळी हलकी पडली, बाबा. मोठी रायफल असती तर...”

“तर मांडीचं हाड जास्त तुटलं असतं.”

बाहेर कुठेतरी होला घुमत होता. 

“दीडशे पावलांवरून तुले त्याचा डोळा दिसला?”

“डोळ्यावर कोण मारतं? खांद्यामागे मारायचं, तुम्हीच तर शिकवलंत.”

“कुठी माराचं, ते नाई पुसलं म्या.”

विश्वंभरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सात वर्षांत लिंगूने त्याला हजार वेळा हटकलं होतं, पण तेव्हा तो मुलगा होता. आता त्याला राग आला, आणि रागापाठोपाठ भीती वाटली. या माणसाने नाही म्हटलं, तर ज्या रानात तो लहानाचा मोठा झाला ते रान त्याच्यासाठी मिटलं. परवाना खिशात राहील. पण परवान्याने माग दिसत नाही.

“मला टाकलंत का, बाबा?” त्याने शेवटी विचारलं.

“तू त्याले टाकलं का?”

विश्वंभरने पळसाचं पान पुन्हा दुमडलं.

“अजून हाय ते. सकाळी पायलं म्या. तीन पायांवर नाल्यात उतरते, पानी पेते, थितंच पडते.” लिंगूने काठी उचलली. “एक गोळी घे.”

“एकच?”

लिंगू तोवर दारातून बाहेर पडला होता.

माग काढण्यासारखं काही नव्हतंच. तीन खुरांचे ठसे आणि चौथ्या जागी मातीवर ओढल्याची रेघ. ती रेघ वेळूच्या बेटातून गेली होती, कातळाला वळसा घालून गेली होती, एका मोहाच्या झाडाखाली गोल फिरली होती. तिथे जनावर बराच वेळ पडून असावं. गवत दबलेलं होतं, वर माश्या होत्या. लिंगू तिथे थांबला नाही. विश्वंभर थांबला. मग तोही चालू लागला.

दुपार कलली तेव्हा ते नाल्याशी पोचले. पाणी डबक्यापुरतं उरलं होतं, बाकी सगळी रेती. पलीकडच्या काठाला जांभळीच्या सावलीत चितळ बसलेलं होतं. शिंगाळ, भरलेलं जनावर. इथून अंतर असेल शंभर पावलं.

विश्वंभरने रायफल उचलली. लिंगूने नळीवर दोन बोटं ठेवली.

झाडाआडून ते आणखी पुढे सरकले. सत्तर पावलं. इथून वाटीच काय, वाटीतला तांदूळ फोडला असता. रायफल पुन्हा उचलली गेली, आणि बोटं पुन्हा नळीवर आली.

“डोळा दिसते?”

“काळा ठिपका दिसतो.”

पन्नास पावलांवर झाडं संपली. पुढे उघडी रेती आणि मधे दोनचार वाळकी झुडपं. वारा तोंडावर येत होता, तेवढीच काय ती मदत.

लिंगू खाली बसला आणि काठी मांडीवर आडवी घेतली. “आता तू एकटा जा. पापनी हललेली दिसन, मंग मारजो.”

विश्वंभर पोटावर उतरला.

रेती भाजत होती. कोपर पुढे, गुडघा पुढे, मग थांबायचं. चितळाचा कान फिरला की श्वाससुद्धा थांबवायचा. तीस पावलं सरकायला त्याला तासभर तरी लागला असेल. घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायची सोय नव्हती.

शेवटच्या झुडपाआडून त्याने मान उचलली.

दीडशे पावलांवरून ते चितळ होतं. इथून तो एक नर होता. त्याचा डावा कान टोकाशी फाटलेला होता, फार जुना फाटलेला. मागची मांडी भोपळ्यासारखी सुजली होती. तो मान वळवून ती चाटत होता, मधेच थकून थांबत होता, आणि पुन्हा चाटत होता. पापण्यांचे केस लांब होते, त्यांत रेतीचा एक कण अडकला होता. पापणी मिटली. उघडली.

विश्वंभरला शरम वाटली. मग शरमेच्याही खालून एकच इच्छा वर आली... आल्या वाटेने हळूच मागे सरकावं. रायफल नाल्यात टाकावी, घरी जावं, पुन्हा रानाचं नाव काढू नये. आपण गेलो तर उद्या-परवा रानकुत्री येतील आणि नराला जिवंतपणीच खायला लागतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरीही मागे जावंसं वाटत होतं.  तो नराकडे बघत राहिला, कारण दुसरीकडे बघणं त्याहून वाईट होतं.

मग त्याने खांद्यामागे नेम धरला.

आवाज फार मोठा झाला नाही. नराने मान रेतीवर ठेवली, झोपायला ठेवावी तशी. पाय एकदा ताणले. एवढंच.

लिंगू आला तेव्हा विश्वंभर नराजवळ बसला होता आणि मांडीवरच्या माश्या हाकलत होता. आता त्याचा काही उपयोग नव्हता, तरी हाकलत होता.

लिंगूने वाकून खांद्यामागचं भोक पाहिलं. वाटाण्याएवढं होतं. त्याने त्यावर अंगठा ठेवला आणि उचलला.

“ही बंदूक मी विकतो, बाबा.”

“कायले? पुरली ना?”

“मग शिकारच सोडतो.”

“सोड.” लिंगूने कमरेची दोरी सोडून नराचे पाय बांधायला घेतले. “पन ते घरी जाऊन सोड. आता हे उचल. मांगून मी धरतो.”

त्यांनी एक दांडा तोडला, नर त्यावर टांगला आणि चढण धरली. पुढे विश्वंभर, मागे लिंगू. दांडा खांद्यात रुतत होता. विश्वंभरने खांदा बदलला नाही. मागे लिंगूची पावलं वाजत होती आणि ती ऐकून त्याला रडू येईलसं वाटत होतं. म्हाताऱ्याने त्याला टाकलं नव्हतं.

कातळाशी पोचल्यावर त्यांनी ओझं टेकवलं. विश्वंभर पाणी प्यायला.  रायफलीचं नाव त्याने काढलं नाही, गोळीचंही नाही.

“लिंगूबाबा... पुढल्या वेळी किती जवळ जाऊ?”

लिंगूने दांडा पुन्हा खांद्यावर घेतला.

“मांगं फिरावंसं वाटन, इतक्या.”