डोंगर सोसायला शिकला

एक होता डोंगर. राजा नव्हे, बरं का, डोंगरच. एवढा उंच, की डोक्यावर ऊन पडायचं तेव्हा पायाशी अजून पहाट असायची. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला माळ, आणि मधे हा आडवा. तेव्हा त्याला नाव नव्हतं. ठेवणार कसं? तो एका जागी राहायचाच नाही! पाठीवर ढग टेकले, की उठायचा आणि पाच कोस पलीकडे जाऊन बसायचा. वाटाही त्याच्याबरोबर जायच्या. काल जिथे खिंड, आज तिथे कडा.

समुद्राकाठी येसाई नावाची मीठवाली राहायची. तिला एकच लेक, राही. डोंगरापलीकडे दिलेली. राहीला दिवस गेले. आता पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा तर शिरस्ता. येसाईने निरोप धाडला, "सातवा सरला की न्यायला येते." आणि दिलेला शब्द म्हणजे गिऱ्हाइकाच्या पदरात घातलेलं मीठ. ते परत मागायचं नसतं.

मग येसाईने चांद्या बैलावर मीठ लादलं आणि निघाली. अर्ध्या घाटात ढग आले, डोंगर उठला, वाट हरवली. येसाई परत.

आठ दिवसांनी पुन्हा निघाली. या खेपेला वाट कळावी म्हणून झाडांना चिंध्या बांधत गेली. मग काय! डोंगर झाडांसकट, चिंध्यांसकट चालता झाला. शेजारीण म्हणाली, "येसाई, चिंध्यांनी कुठे डोंगर बांधतात? राहीला म्हणावं, सासूच्या हातचे डिंकाचे लाडू खा." येसाई हसली नाही. राहीला नववा लागत आला होता.

तिसऱ्या खेपेला डोंगर झोपेत होता. येसाई खिंड ओलांडून पलीकडे उतरली. मीठ व्याह्यांना दिलं, राहीला चांद्यावर बसवलं, वर ज्वारीचं गाठोडं ठेवलं आणि लगेच माघारी वळली.

चढणीला चांद्या धापा टाकू लागला. आता मीठवाल्यांची एक रीत होती, बरं का. थकल्या बैलाला मारायचं नाही. त्याच्या पाठीवरचं थोडं आपल्या पाठीवर घ्यायचं, त्याला थोपटायचं आणि म्हणायचं, 'सह रे बाबा.' म्हणजे, सोस. एका आडदांडाने चाबूक ओढला होता, तर त्याचा बैल भर घाटात बसला तो तीन दिवस उठला नाही! येसाईने गाठोडं स्वतःच्या पाठीवर घेतलं, चांद्याला थोपटलं. चांद्या चालू लागला.

खिंडीत पोचले आणि राही कळवळली. "आये, कळा येताहेत गं!"

येसाईने तिला कातळाच्या आडोशाला निजवलं. आणि नेमके तेव्हाच ढग आले. जमीन थरथरली. दगड घरंगळले. डोंगर उठायला लागला.

"अरे, थांब!" येसाई ओरडली. "लेक अडलीय माझी!"

डोंगर घुमला, "पाठ दुखते, बाई. ढगांचं ओझं, झाडांचं ओझं, वरून तुमचे बैल. मला कुणी विचारलंय कधी?"

येसाईने पायाखालच्या कातळाकडे पाहिलं. खरंच होतं की. या पाठीवरून ती जन्मभर गेली होती. बैलाला थोपटलं होतं, पण पाठीला कधी हात लावला नव्हता.

मग तिने काय केलं? वाटेतला एक धोंडा उचलला आणि पदराने स्वतःच्या पाठीला बांधला. कातळावर तळहात ठेवला. हलकेच थोपटलं.

"तुझं सगळं मला पेलवायचं नाही," ती म्हणाली. "एवढं घेते. सह रे बाबा. बाळ रडेपर्यंत सह."

डोंगर थबकला.

ढग आणखी दाटले. वारा कड्यांना धडका देत राहिला. डोंगराची पाठ ठणकत होती, पण तो हलला नाही. पाठीला धोंडा बांधलेली येसाई लेकीपाशी वाकून बसली होती. शेवटी बाळ रडलं. मुलगी झाली.

येसाईने डोळे पुसले. म्हणाली, "जा बाबा आता. उपकार झाले तुझे."

डोंगर हळूच म्हणाला, "आता कसा जाऊ? अंगावर लेकरू निजलंय."

तेव्हापासून तो तिथेच आहे. मीठवाले त्याला म्हणू लागले सह्य. सह्य म्हणजे सोसणारा. अद्री म्हणजे डोंगर. म्हणून तो सह्याद्री. येसाई लेक-नातीला घेऊन घरी पोचली, आणि पुढे राही दर वर्षी त्याच वाटेने माहेरी येत राहिली. वाट कधी चुकली नाही. त्या खिंडीतून जाणारा प्रत्येक जण वाटेतला एक धोंडा उचलून थोडा वेळ पाठीवर वागवायचा आणि कातळ थोपटून पुढे जायचा.

चला, आता मिटा डोळे. हलू नका बरं. तुमच्याही अंगावर झोप येऊन निजलीय.