उंबऱ्यावर बसलेले गुरुजी

एकदा एका वृद्ध वैद्यांचा शिष्य नगराच्या आरोग्यसभेचा प्रमुख झाला. कुठला दवाखाना चालू ठेवायचा आणि कुठला हलवायचा, हे ही सभा ठरवी. आणि ठरवी ती दार लावून. लोक आत आले की नुसता कालवा होतो, असे शिष्याचे ठाम मत. गादीवर बसलेल्या माणसाला लोकांचा आवाज बोचू लागतोच म्हणा.

त्या दिवशी खालच्या आळीतले प्रसूतिगृह नदीपल्याडच्या रिकाम्या इमारतीत हलवायचे घाटत होते. त्या आळीतली सगुणा दाराशी उभी होती. तिच्या सुनेचे दिवस भरत आले होते. "आमचं काय ठरतंय ते ऐकू तरी द्या, मी अवाक्षर बोलणार नाही," म्हणून तिने परोपरीने विनवले. शिपायाने तिला बाहेरच थोपवले.

शिष्याने आपल्या गुरुजींना त्या सभेला मानाने बोलावले होते. ते आले, आणि गादीकडे न जाता थेट उंबऱ्यावर मांडी ठोकून बसले. शिपाई दार लावायला गेला, तर दार लागेना.

शिष्य ओशाळला. "गुरुजी, उंबऱ्यावर बसू नये म्हणतात. आत या ना."

"म्हणतात खरं. पण मी काही इथून उठायचा नाही. तू चालव तुझी सभा."

नाइलाजाने शिष्य बोलायला उभा राहिला. मागच्या सभेत तो सहज म्हणून गेला होता, 'त्या आळीतल्या बायका काटक असतात. जातील होडीतून. एखादी दगावलीच, तर तिचं नशीब.' सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आज तेच सांगायला त्याने तोंड उघडले आणि गुरुजींच्या खांद्यावरून त्याला सगुणा दिसली. ती नुसती पाहत होती. तो पाणी प्यायला, पण ते वाक्य काही त्याला उच्चारवेना. भर सभेत त्याला स्वतःची लाज वाटली.

"का रे, थांबलास का?" गुरुजींनी विचारले.

"यांच्या देखत बोलवत नाही, गुरुजी."

"मग यांच्या माघारी कसं बोलवलं? अरे, रोग्याला खोलीबाहेर काढून कुणी त्याचं औषध ठरवतं का? बंद दाराआड चांगला माणूसही निर्धास्त होतो. ज्यांच्या जिवाचा निर्णय करायचा, ती माणसं समोर असू देत. ती गप्प बसली तरी आपलं बोलणं आपल्याला नीट ऐकू येतं."

शिष्याने सगुणेला आत बोलावले. तिच्यामागून आळी आली. कालवा झाला, सभा लांबली, काही जण कुरकुरले. पण प्रसूतिगृह जागचे हलले नाही.

पुढच्या सभेला गुरुजी आले नाहीत. शिपाई सवयीने दार लावायला गेला, तर उंबऱ्यावर सभेचे प्रमुखच बसलेले.

"असू दे," शिष्य म्हणाला, "मी इथूनच बोलेन."